व्हॉट्सॲपची यादी की ईमेलची? इंदुरातून ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी

इंदुरात घरबसल्या ऑनलाइन विकणाऱ्या मराठी मंडळींचे ढोबळमानाने दोन गट दिसतात. एक खाण्याचा: शेव, चिवडा, दिवाळीचा फराळ. दुसरा कापडाचा: महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटरवर, म्हणून माहेश्वरी साड्या, ओढण्या, कुर्त्याचं कापड. दोघांनाही एकच प्रश्न पडतो. गिऱ्हाइकांचे फोन नंबर तर आहेतच, मग ईमेलची यादी बांधायची खटपट कशाला? माझं उत्तर दोघांसाठी वेगळं आहे.

आधी व्हॉट्सॲप, कारण सुरुवात सगळे तिथूनच करतात आणि त्यात चूक काहीच नाही. रामबागेतल्या काकूंना 'परवापर्यंत दोन किलो चकली' एवढंच लिहायचं असतं. त्यासाठी त्या मेल उघडणार नाहीत. संदेश लगेच वाचला जातो, भाव तिथेच ठरतो, यूपीआयचा स्क्रीनशॉटही तिथेच येतो. पण फुकटच्या बिझनेस ॲपमध्ये एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. ही दुसरी अट बऱ्याच जणांच्या गावीही नसते. 'सगळ्यांना पाठवलं, पण कुणाचं उत्तरच नाही' असं कुणी म्हणालं की मी पहिला संशय तिचाच घेतो.

यादी फुगली की एपीआयचा, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सॲपवर संदेश पाठवायचा, पैसे भरून वापरायचा मार्ग उरतो. तिथे संदेशाचा मसुदा आधी मेटाकडून, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडून, मंजूर करून घ्यावा लागतो आणि जुलै 2025 पासून दर संदेशामागे पैसे लागतात. भारतीय नंबरावर जाहिरातीच्या संदेशाला साधारण पाऊण ते एक रुपया धरा, वर मध्यस्थ कंपनीचं शुल्क वेगळं. दोन हजार गिऱ्हाइकांना महिन्यातून चारदा कळवायचं तर आठ हजार संदेश, म्हणजे सहा ते आठ हजार रुपये. गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारलं तर पुढचे 24 तास उत्तरं फुकट देता येतात. म्हणून खाण्याच्या धंद्यात शहाणपण हे की आपण होऊन कमी बोलायचं आणि लोकांनी विचारावं अशी सोय करायची.

आता फराळवाल्यांसाठी खरी ग्यानबाची मेख. दिवाळीची मोठी ऑर्डर परदेशातून येते: आई-वडील सुदामानगरात, मुलगा न्यू जर्सीत. आणि एप्रिल 2025 पासून मेटाने अमेरिकी नंबरांवर एपीआयमधून जाणारे जाहिरातीचे संदेश पोचवणंच थांबवलं. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाची पेटी सगळ्यात जड, त्याच्यापर्यंत तो रस्ता जात नाही. शिवाय त्याला सांगायचंही बरंच असतं: कुरिअर घेण्याची शेवटची तारीख, कस्टमचा खर्च कोणाकडे, अनारसे किती दिवस टिकतात, कोणता डबा किती वजनाचा. हे सगळं एका मेलमध्ये नीट मावतं, आणि आठवड्याने शोधलं तर सापडतंही. व्हॉट्सॲपवर ते लग्नाच्या फोटोंखाली गडप होतं.

ईमेलच्याही अडचणी आहेत. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 500 जणांनाच पाठवता येतं, आणि 'बीसीसी'त सगळ्यांचे पत्ते कोंबून पाठवलेलं पत्र जाहिरातीसारखं नाही, गडबडीसारखं दिसतं. 2013 पासून जीमेलमध्ये 'प्रमोशन्स'चा वेगळा कप्पा आहे. तुमचं पत्र बहुधा तिथेच पडणार. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम आवळले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांपेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या) आपल्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावर, कराव्या लागतात, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. तुमचा आकडा पाच हजारांच्या जवळपासही नसेल, तरी या नोंदी पहिल्याच दिवशी करून घ्या. तासाभराचं काम आहे आणि वेबसाइट बनवून देणारा मुलगा ते करू शकतो.

'इतक्या टक्के लोकांनी उघडलं' या आकड्यावरही फार भिस्त ठेवू नका. 2021 मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली की माणसाने पत्र न बघताही ते 'उघडलं' अशी नोंद होऊ शकते. क्लिक किती, ऑर्डरी किती, एवढंच मोजा.

साडीवाल्यांना मी सरळ ईमेल सांगतो. बारा रुपयांची शेवपुडी आणि बारा हजारांची साडी माणूस एकाच घाईत घेत नाही. माहेश्वरी साडी वर्षातून एकदा, फार तर दोनदा घेतली जाते. दरम्यान गिऱ्हाइकाने तुम्हाला विसरू नये आणि वैतागूही नये, हे साधायचं असतं. महिन्याला एक पत्र पुरतं: नव्या किनारीचा फोटो, हातमागाची आणि यंत्रमागाची साडी ओळखायची कशी, रेशीम-सुताचं पहिलं धुणं कसं करायचं. असं पत्र लोक जपून ठेवतात. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर आला की 'ब्लॉक'चं बटण अगदी अंगठ्याखाली असतं. आणि 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सहाएक तास एकदम बंद पडले, तेव्हा ज्यांचं सगळं दुकान त्या एका कंपनीच्या तीन ॲपवर होतं त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. ईमेलची सेवा देणारी कंपनी नाही पटली तर यादी उतरवून घ्यायची आणि दुसरीकडे न्यायची.

एसएमएसचा विचार छोट्या धंद्याने करूच नये. डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीच्या व्यवस्थेत, नोंदणी, प्रत्येक मजकुराची मंजुरी, आणि एवढं करून वाचणारे कमी.

यादी जमवायची कुठून? जत्रेतल्या किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवर वही ठेवायची जुनी रीत मला आवडते, माणूस दोन शब्द बोलतो. पण अक्षर लागत नाही, एक टिंब चुकलं की पत्र परत येतं, आणि परत येणाऱ्या पत्रांनी तुमच्या डोमेनची पत खालावते. त्यापेक्षा क्यूआर कोड लावा. फॉर्ममध्ये नाव, ईमेल आणि गाव एवढंच विचारा. जन्मतारीख विचारली की लोक फॉर्म अर्धवट सोडतात. वेबसाइटवर 'दहा टक्के सूट घ्या, ईमेल द्या' ही खिडकी पत्ते भराभर आणते, पण त्यातले बरेच जण सूट मिळेपर्यंतच येतात. साडीसाठी सवलतीऐवजी निगेची माहिती देऊन बघा, म्हणजे पत्ते कमी येतील, पण ते घेणाऱ्यांचे असतील. नोंदणीनंतर पुष्टीची लिंक पाठवणारी दुहेरी पद्धत मी ऑनलाइन फॉर्मसाठी हट्टाने सांगतो, कारण खोटे पत्ते तिथेच गळतात. परवानगीचा रकाना आधीच टिक करून ठेवू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं असं म्हटलंय. विकत मिळणाऱ्या 'पन्नास हजार ईमेल' वगैरे याद्या तर फुकट मिळाल्या तरी नकोत.

राहिला सेवेचा खर्च. काही कंपन्या यादीत किती नावं आहेत यावर पैसे घेतात, मेलचिंप त्यातली. तिथे यादीतून बाहेर पडलेली नावंही मोजली जातात, तुम्ही ती आर्काइव्ह करेपर्यंत, म्हणजे चालू यादीतून बाजूला काढेपर्यंत. काही कंपन्या किती पत्रं पाठवलीत त्यावर घेतात, ब्रेव्हो तशी आहे आणि दिवसाला 300 पत्रं फुकट देते. फराळाचा धंदा दोन महिने धावतो आणि दहा महिने बसतो, त्यामुळे त्याला पाठवण्यावर पैसे घेणारीच सेवा परवडते. श्रावण संपता संपता पहिलं पत्र, मग ऑर्डर बंद व्हायच्या आठवडाभर आधी आठवण. साडीवाल्याने वर्षभर नियमाने लिहायचं असेल तर दोन्ही प्रकारांचे भाव कागदावर मांडून बघावेत. यादी हजाराच्या आत असेल तर फरक किरकोळ निघतो, आणि मग ज्या सेवेत देवनागरी मजकूर मोबाइलवर नीट दिसतो ती घ्यावी. स्वतःच्याच दोन-तीन फोनवर चाचणीचं पत्र पाठवून ते तपासता येतं.