लष्करी अकादमीचा पहिला उन्हाळा : एक परीक्षण

शिक्षणशुल्क नाही, राहण्याजेवण्याचा खर्च नाही, उलट दरमहा भत्ता, चार वर्षांनी पदवी आणि पदवीबरोबर अधिकाऱ्याचे पद. अमेरिकेतील लष्करी अकादम्या जे देऊ करतात ते एवढे भरघोस आहे की, मोठ्या कष्टाने तेथे प्रवेश मिळवलेला अठरा वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांत सामान आवरून घरी का परततो, हे बाहेरून पाहणाऱ्याला उमगत नाही. हे परीक्षण त्या चार वर्षांचे नाही. वर्ग सुरू होण्याआधी जे सहा-सात आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण असते, तेवढ्यापुरतेच ते आहे, कारण ज्या घरातून मुलाने किंवा मुलीने अर्ज केला आहे त्या घराला या टप्प्याची माहिती सर्वांत कमी आणि गरज सर्वांत जास्त असते. विचार मुख्यतः वेस्ट पॉइंटचा, म्हणजे भूदलाच्या अकादमीचा, केला आहे. अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी आणि कोलोराडो स्प्रिंग्जजवळची हवाई दल अकादमी तुलनेपुरत्या येतील.

१८०२ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट पॉइंटमध्ये जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी ‘आर-डे’ (रिसेप्शन डे), म्हणजे नवागतांना दाखल करून घेण्याचा दिवस, असतो. घरच्यांचा निरोप घ्यायला जेमतेम एक-दीड मिनिट मिळते आणि त्यानंतर केस कापणे, गणवेश घेणे, कवायत शिकणे अशी एकामागून एक रांग दिवसभर चालू राहते. त्या दिवसाचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे लाल कमरपट्टा बांधलेल्या वरिष्ठ कॅडेटसमोर हजेरी देणे. नवागताने आखलेल्या रेषेपाशी उभे राहायचे, रेषेवर नाही आणि रेषेपलीकडेही नाही, आणि ठरलेले वाक्य एकही शब्द न चुकवता म्हणायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी त्याच्यापाशी चारच वाक्ये असतात: ‘होय सर’, ‘नाही सर’, ‘सबब नाही सर’ आणि ‘सर, मला समजले नाही’. संध्याकाळी मैदानावर शपथविधी होतो. पालक तो लांबून पाहतात आणि एकसारखे केस व एकसारखे कपडे असलेल्या हजारभर मुलांत आपले कोणते ते बहुतेकांना ओळखू येत नाही.

प्रशिक्षणाचा आराखडा, निव्वळ आराखडा म्हणून पाहिला तर, उत्तम आहे. रायफल चालवणे, नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे वाट काढणे, दोराला धरून कड्यावरून उतरणे, अश्रुधुराने भरलेल्या खोलीत मास्क काढून उभे राहणे, पाठीवर ओझे घेऊन दर खेपेला थोडी अधिक पायपीट करणे आणि शेवटी छावणीपासून अकादमीपर्यंत १२ मैलांचे संचलन, ज्यात संस्थेचे माजी विद्यार्थीही सोबत चालतात. ओझे आणि अंतर हळूहळू वाढवले जात असल्यामुळे, आधी काही महिने नीट व्यायाम केलेल्या मुलाला केवळ शरीर साथ देत नाही म्हणून परत जावे लागण्याचा धोका लोक समजतात तेवढा मोठा नाही. कोलोराडोत मात्र एक गोष्ट जास्तीची आहे. तेथील अकादमी समुद्रसपाटीपासून ७,२५८ फूट उंचीवर आहे आणि सपाटीवरून आलेल्या मुलाला पहिले काही दिवस धाप लागतेच. तशात प्रशिक्षणाचा उत्तरार्ध जॅक्स व्हॅलीतल्या तंबूंत आणि अडथळ्यांच्या मैदानांवर काढावा लागतो.

मग मुले जातात कशामुळे? आधी प्रमाण पाहू. वेस्ट पॉइंटमध्ये २००४ साली रुजू झालेल्या १,२१८ कॅडेटांपैकी ७१ जण उन्हाळा संपण्यापूर्वीच निघून गेले, म्हणजे सुमारे सहा टक्के. दर वर्षी साधारण १,२०० जण दाखल होतात आणि हजाराच्या आसपास पदवीधर होतात, हे लक्षात घेतले तर एकूण गळतीचा बराचसा वाटा पुढच्या काळातला आहे. तरीही उन्हाळ्यातली गळती वेगळी ठरते, कारण अभ्यासात नापास होण्याची संधीदेखील या मुलांना अजून मिळालेली नसते. जे जातात ते बहुधा कोणी काढले म्हणून नव्हे, तर स्वतः मागणी करून जातात.

येथे प्रवेशपद्धतीकडे पाहावे लागते. उमेदवाराची निवड शालेय गुण, प्रवेशपरीक्षा, नेतृत्वाचा अनुभव आणि शारीरिक चाचणी यांची बेरीज करून होते. बहुतेकांना त्याखेरीज काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याचे नामांकनही मिळवावे लागते. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, या बेरजेवरून उन्हाळा कोण पूर्ण करेल याचा अंदाज फारसा येत नव्हता. चिकाटी मोजणाऱ्या एका छोट्या प्रश्नावलीवरून तो अधिक चांगला येत होता. ११,२५८ कॅडेटांची माहिती घेऊन त्यांनी २०१९ मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हाही उन्हाळ्यापुरती चिकाटीच पुढे राहिली. प्रवेशाची चाळणी आणि उन्हाळ्याची चाळणी यांची छिद्रे वेगळी आहेत, असा याचा सरळ अर्थ मी घेतो. ‘चिकाटी’ या निदानाने मात्र माझे पूर्ण समाधान होत नाही. जो टिकला त्याच्यात चिकाटी होती असे मागाहून म्हणणे सोपे असते, आणि एखादा मुलगा संगीतात किंवा गणितात वर्षानुवर्षे चिकाटी दाखवून येथे मात्र दोन आठवड्यांत हात टेकतो, त्याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ते उत्तर मला दुसऱ्या एका अभ्यासात अधिक सापडते. एमी व्रेझ्नेव्हस्की, बॅरी श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेस्ट पॉइंटच्या ११,३२० कॅडेटांविषयीचे निष्कर्ष मांडले. येताना ‘मी येथे का आलो’ याची जी कारणे कॅडेटांनी दिली होती, ती पुढच्या वाटचालीशी ताडून पाहिली गेली. ज्यांना मनापासून अधिकारी व्हायचे होते ते अपेक्षेप्रमाणे अधिक टिकले. पण अधिकारी व्हायचेच आहे आणि शिवाय चांगली नोकरी, नाव, फुकट शिक्षण हेही हवे आहे अशी दोन्ही कारणे ज्यांच्यापाशी भक्कम होती, त्यांची कामगिरी केवळ पहिले कारण असलेल्यांपेक्षा कमी ठरली. हा अभ्यास अधिकारीपद मिळण्याविषयीचा आणि नंतर सैन्यात राहण्याविषयीचा आहे, उन्हाळ्यातल्या गळतीचा नव्हे. तरी उन्हाळ्याकडे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते. पहाटे साडेपाचला ओरडून उठवले जात असताना फुकट शिक्षणाचा विचार कोणालाही आधार देत नाही. वडिलांची इच्छा, आजोबांची परंपरा, शाळेतल्या सत्कारात वाजलेल्या टाळ्या यांचेही तेच. उसने कारण घेऊन आलेल्याला ते पहिल्याच आठवड्यात परत करावे लागते, आणि मग राहण्याचे स्वतःचे कारण शोधायला तेथे वेळ नसतो.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. येथे येणारी मुले बहुतांशी आपापल्या शाळेत पहिल्या ओळीतली असतात. संघाचे कर्णधार, वर्गाचे प्रतिनिधी. प्रशिक्षणाची रचनाच अशी आहे की दिलेले काम दिलेल्या वेळात पूर्ण होणार नाही. नियमपुस्तिकेतला मजकूर पाठ करायचा, त्याच वेळी खोली लावायची, त्याच वेळी सोबत्याला मदत करायची. यातले काही ना काही राहणारच, आणि राहिले की ‘सबब नाही सर’. हेतू हा की दडपणाखाली कशाला आधी हात घालायचा हे शिकावे आणि एकट्याने निभत नाही हे कळावे. ज्याला हा हेतू उमजतो तो सहाव्या दिवशी सोबत्यांकडे वळतो. ज्याला आयुष्यात कोणी रागावलेलेच नाही तो प्रत्येक ओरड्याला स्वतःविषयीचा निकाल मानतो. अ‍ॅनापोलिसमध्येही हीच पद्धत आहे. तेथे पाठांतराचे पुस्तक वेगळे आणि ठरलेली उत्तरे चारऐवजी पाच, एवढाच फरक.

आता या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष. नवागतांचे रोजचे प्रशिक्षण अनुभवी सार्जंट नव्हे, तर वरच्या वर्गातले कॅडेटच घेतात. अधिकारी आणि सार्जंट देखरेखीला असतात हे खरे, पण दहाएक जणांच्या तुकडीचा प्रमुख हा विशीतला विद्यार्थी असतो, आणि नेतृत्व करायला तोही याच उन्हाळ्यात शिकत असतो. नवागताचे सहा आठवडे कसे जातील हे बरेचसे या एका मुलावर किंवा मुलीवर ठरते. कठोर पण न्यायी प्रमुख मिळाला तर तीच मेहनत सोसवते; ज्याला आवाज चढवण्यापलीकडे काही येत नाही असा मिळाला तर सोसवत नाही. दोन शेजारच्या तुकड्यांत एवढी तफावत असावी, ही बाब दोनशेहून अधिक वर्षे जुन्या संस्थेला शोभत नाही. या प्रश्नाचा इतिहासही जुना आहे. १८९८ मध्ये दाखल झालेला ऑस्कर बूझ नावाचा कॅडेट काही महिन्यांतच राजीनामा देऊन गेला आणि १९०० मध्ये क्षयाने वारला. वरिष्ठांनी जबरदस्तीने तिखट सॉस पाजल्याचा आरोप घरच्यांनी केला आणि काँग्रेसला चौकशी बसवावी लागली. त्या चौकशीत साक्ष देणाऱ्या कॅडेटांत पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजलेले डग्लस मॅकआर्थर होते, आणि १९१९ मध्ये तेच अकादमीचे प्रमुख झाल्यावर त्यांनी छळाच्या प्रथा मोडण्याचा प्रयत्न केला. आज असा छळ नियमाने बंद आहे आणि आताचे प्रशिक्षण त्या काळाच्या तुलनेत कितीतरी सुसंस्कृत आहे. परंतु विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला घडवण्याचे तत्त्व कायम आहे, आणि त्याचे फायदे-तोटेही.

मुलींबाबत थोडे. १९७६ मध्ये वेस्ट पॉइंटमध्ये प्रथमच ११९ मुली दाखल झाल्या आणि १९८० मध्ये त्यांपैकी ६२ पदवीधर झाल्या. तेव्हाच्या वातावरणाविषयी हे आकडे पुरेसे बोलतात. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. ओझ्यासह चालण्यामुळे हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका मात्र मुलींना अधिक असतो, आणि सुरुवातीचे दुखणे लपवणारी मुलगी पुढे मोठ्या दुखापतीने घरी येते. दुखापतीमुळे परतलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा येण्याची वाट बहुधा मोकळी असते, म्हणून दुखणे लपवण्यात शहाणपण नाही.

अकादम्या इच्छुकांसाठी शाळेच्या शेवटच्या वर्षापूर्वीच्या उन्हाळ्यात आठवडाभराचे शिबिर भरवतात. परिसर, वर्ग, वसतिगृह आणि थोडी कवायत पाहण्यासाठी ते उपयुक्त आहे. पण तेथे मूल पाहुणा असते, आणि आठवड्याने घरी जायचे आहे हे त्याला ठाऊक असते. त्यावरून ‘आमच्या मुलाला आवडले’ असा निष्कर्ष काढणाऱ्या पालकांनी जरा थांबावे.

बाहेर पडण्याची सोय ही मला या व्यवस्थेची सर्वांत चांगली बाजू वाटते, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. जायचे आहे असे म्हणताच फाटक उघडत नाही. आधी वरिष्ठांशी, समुपदेशकाशी किंवा धर्मगुरूशी बोलणे होते, आणि पहिल्या आठवड्यातली घरची ओढ अनेकदा या काळातच ओसरते. तरीही निर्णय ठाम राहिला तर जाता येते. तिसरे वर्ष सुरू होईपर्यंत अकादमी सोडणाऱ्यावर लष्करी सेवेचे बंधन येत नाही. त्यानंतर मात्र पदवीपश्चात किमान पाच वर्षांच्या सेवेची बांधिलकी स्वीकारावी लागते. म्हणजे अजमावून पाहायला पूर्ण दोन वर्षे आहेत. पहिल्या पंधरा दिवसांत आलेले ‘मला घेऊन जा’ असे पत्र वाचून धावत सुटू नये, पण पाचव्या आठवड्यात शांतपणे, कारणे देऊन लिहिलेल्या पत्राला ‘घराण्याचे नाव’ हे उत्तर देणेही चूक आहे.

ज्याला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे आणि ते का, हे जो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो, त्याच्यासाठी या उन्हाळ्याची मी निःसंकोच शिफारस करीन. ज्याला मुख्यतः प्रतिष्ठित आणि विनाखर्च पदवी हवी आहे त्याला करणार नाही. सैन्याची ओढ आहे पण नागरी विद्यापीठातले जीवनही सोडवत नाही अशा विद्यार्थ्याने नागरी विद्यापीठांतून चालणाऱ्या राखीव अधिकारी प्रशिक्षणाचा, म्हणजे आरओटीसीचा, विचार आधी करावा. अधिकारीपद तेथूनही मिळते. एक व्यावहारिक सूचना राहिली. बहुतेक अमेरिकी विद्यापीठांना प्रवेश स्वीकारल्याचे १ मेपर्यंत कळवावे लागते, आणि अकादमीत जाणारा विद्यार्थी त्या वेळी बाकीच्या जागा सोडून देतो. जुलैत परतलेल्याला म्हणून त्या शरद ऋतूत बहुधा कोठेच जागा नसते. दुसऱ्या पसंतीच्या विद्यापीठाकडे प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, हे एप्रिलमध्येच विचारून ठेवावे.