बोट गोव्यात, आम्ही मुंबईच्या वाटेवर: दहा महिन्यांत तीन क्रूझ केल्यावर

आधी माझा मूर्खपणा सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

गेल्या नोव्हेंबरात पहिली क्रूझ केली. बेळगावहून रात्रीच्या बसनं मुंबई, जवळजवळ पाचशे किलोमीटर. तिथून बोटीनं गोवा, गोव्याहून त्याच बोटीनं परत मुंबई, आणि पुन्हा रात्रीची बस. बोट मुरगावच्या धक्क्याला लागली तेव्हा वरच्या डेकवर उभा राहून हिशेब केला. चोर्ल्याच्या घाटानं निघालं तर टिळकवाडीतलं आमचं घर इथून चार तासांवर. आई शेजारी उभी होती. समोरचे कोळशाचे ढीग बघत म्हणाली, "आपल्या लोंढ्यावरनं जातोय तोच कोळसा की रे हा?" तोच. या धक्क्यावर उतरतो आणि रेल्वेनं कॅसलरॉक, लोंढा करत तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडं जातो. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, त्या वाघिणी मोजत फाटकावर थांबण्यात किती वेळ गेलाय देव जाणे. म्हणजे कोळसा सरळ वाटेनं आमच्या दारावरून जातो, आणि आम्ही माणसं मुंबईचा वळसा घालून येतो.

काही फेऱ्यांना मुरगावला चढून मुंबईला उतरता येतं. एजंटनं हे सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला, "असतंय की. तुम्ही विचारला नाहीसा." फेब्रुवारीत तसंच केलं. दाजींनी गाडीनं वास्कोला, मुरगावच्या धक्क्यावर सोडलं आणि दुपारी आम्ही बोटीवर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसानं तारखा बघताना पहिल्यांदा हे बघावं. तिसरी फेरी जुलैत, सिंगापूरहून, कारण पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची फेरी बंद असते.

आम्ही तिघं. मी चौपन्न वर्षांचा, उद्यमबागेत छोटं मशीनशॉप. बायको. आणि आई, शहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशन म्हटलं की विषय बदलते. आजवर जेवढ्या टूर केल्या त्यांत रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, रोज नवीन लॉज, रोज नवीन जिना. बोटीवर बॅग एकदा उघडली ती उतरतानाच बंद केली. लिफ्ट आहे, व्हीलचेअर मागितली की मिळते, जेवणघर दोन मजले वर, आणि कंटाळा आला की खोली तिथंच. क्रूझचं बाकी काहीही म्हणा, या एका गोष्टीसाठी मी पुन्हा पैसे देईन. तरुण पोरांनी दोन रात्रींच्या फेरीवर एवढे खर्च करावेत का, ते त्यांचं त्यांनी बघावं. मला विचाराल तर नको. पहिली संध्याकाळ चढण्यात आणि सुरक्षेच्या ड्रिलमध्ये जाते, शेवटची सकाळ उतरण्याच्या रांगेत.

आता पैसे. पहिल्या फेरीची जाहिरात माणशी १९,९९९ ची होती. बंदराचं शुल्क, टिप आणि कर धरून माणशी २७ हजारांवर गेलं. त्यात बस, मुंबईतला एक दिवस, टॅक्सी. शिवाय बोटीवर साधं थंड पेयही कार्डावर चढतं. कार्ड खिशात, रोख कुठं दिसत नाही, त्यामुळं हात सैल सुटतो. सिंगापूरच्या बोटीवर टिपच माणशी रोज १८ डॉलरच्या आसपास होती, तिघांची चार रात्रींची मिळून दोनशेच्या वर. आमच्या वर्कशॉपमध्ये कोटेशन देताना टॅक्स वेगळा असेल तर तसं मोठ्या अक्षरात लिहावं लागतं. इथं ते शेवटच्या पानावर येतं.

तिघांत एक खोली घेतली तर तिसरा माणूस स्वस्त पडतो. हे गणित मला आवडलं. या धंद्यात एका खोलीत दोन माणसं धरून बोट शंभर टक्के भरली असं मोजतात, म्हणून तिसरा पलंग लागला की बोट शंभर टक्क्यांच्याही वर भरते. तो तिसरा पलंग छतातून खाली येतो आणि त्यावर शिडीनं चढावं लागतं. आई चढणार नाही, बायकोनं बघूनच नकार दिला. उरला कोण? चार रात्री मी छताला नाक लावून झोपलो.

खिडकी नसलेली खोली स्वस्त, पण अंधार कसा? दिवा घालवला की स्वतःचा हात दिसत नाही. आईला रात्री उठावं लागतं. टीव्हीवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचा एक चॅनेल असतो, तो आवाज बंद करून लावून ठेवला. रात्रभर मंद उजेड, आणि पहाटे फटफटलं की खोलीतही फटफटतं. हे एवढं चांगलं जमलं की पुढच्या दोन्ही वेळी तेच केलं.

आवाजाचं मात्र जमलं नाही. पहिल्या बोटीवर आमच्या डोक्यावरच नाचाचा हॉल होता. रात्री दोनपर्यंत धपधप. रिसेप्शनवर दोनदा जाऊन आलो, "उद्या बघू" म्हणाले, आणि उद्या आम्ही उतरणार होतो. आता बुकिंगआधी डेकचा नकाशा मागतो. वरही खोल्या आणि खालीही खोल्या असलेली मधली जागा घ्यायची. मागच्या टोकाला इंजिनाची थरथर येते, बेअरिंग गेलेल्या लेथसारखी. माझं धंद्यामुळं लगेच लक्ष गेलं, बायकोला दुसऱ्या दिवशी कळलं. मधल्या, खालच्या मजल्यावर हालचालही कमी. बोटीच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते बाजूचं डुलणं आवरतात. पुढं-मागं होणारी डुबकी त्यांना आवरत नाही. फेब्रुवारीत समुद्र शांत होता. जुलैत आईनं पहिल्या रात्री पलंगाची कड घट्ट धरली, "खाली पाणी हालालंय ते ठीक, ही भिंत का हालालीय?" उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही, आधी घ्यायची. आणि गंमत म्हणजे घरी आल्यावर दोन दिवस न्हाणीत उभं राहिलं की जमीन हलायची.

चढताना बॅगा स्कॅन होतात. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं काढून घेतात, आगीच्या भीतीनं. ते पटलं. पण आईच्या दशम्या आणि शेंगाचटणीही काढून घेतली, घरचं अन्न चालत नाही म्हणून. सील केलेला कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा तेवढा सुटला. बॅगा तपासणारी पोरगी हसत म्हणाली, "आजी, आत खूप जेवण आहे." आई बोलली नाही. संध्याकाळच्या चहाला सगळ्यांना कुंदा वाटला आणि आपण खाल्ला नाही.

जेवण खरोखरच भरपूर. शाकाहारी, जैन सगळं वेगळं. पण आमटी तिन्ही बोटींवर एकाच चवीची, तिखट नावाला नाही. सिंगापूरच्या बोटीवर दारात माणूस उभा राहून हात धुवायला लावायचा. नुसतं सॅनिटायझर चोळून सरकू द्यायचा नाही. बरोबर होतं त्याचं. बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ येते ती बहुतेकदा नोरोव्हायरसची, आणि त्यावर सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं. कोविडनंतर बाटल्यांवर विश्वास टाकलेल्या आपल्यासारख्यांना हे नवीन आहे.

कोविडचा विषय निघालाच. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेली 'डायमंड प्रिन्सेस' आठवत असेल, ३,७११ माणसं आणि सातशेवर रुग्ण. तेव्हा टीव्हीपुढं बसून मी म्हणालो होतो, फुकट नेलं तरी जाणार नाही. जगभर २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख लोक क्रूझवर गेले होते, २०२१ मध्ये तो आकडा ५० लाखांच्याही खाली आला. आपल्याकडं २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेलं 'कर्णिका' जहाज वर्ष-दीड वर्षात अलंगला तोडायला गेलं. आणि आता बघा, २०२३ मध्ये ३ कोटी १७ लाख, २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाख. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये क्रूझ भारत मिशन काढलं, २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे म्हणून. गर्दी परत आली, यात शंकाच नाही. पण बंद काळात कंपन्यांनी काढलेलं कर्ज फिटायचंय. एकट्या कार्निव्हलचं ३० अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. मला वाटतं ते कर्ज आपण फेडतोय, थोडं थोडं. पूर्वी मोठ्या कंपन्या खोली दिवसातून दोनदा आवरायच्या, आता बऱ्याच ठिकाणी एकदाच. पूर्वी भाड्यात असलेल्या गोष्टी हळूहळू कार्डावर चढू लागल्यात.

हे मला सांगितलं ते सिंगापूरच्या बोटीवर आमची खोली आवरणाऱ्या पोरानं. गोव्याचा, डिचोलीकडचा. आई मराठीत पुटपुटली तसा वळून म्हणाला, "आजी, खंयच्या तुमी?" त्यानंतर आईला टॉवेलची कमी पडली नाही. २०२० मध्ये तो अडीच महिने बोटीवरच अडकला होता, प्रवासी नाहीत, नुसता स्टाफ. मग दोन वर्षं म्हापशाला भावाच्या दुकानात. आता आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दोन महिने घर. खोल्या पूर्वीपेक्षा जास्त वाट्याला येतात म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, पाऊस पडतोय म्हणावं तसं. निघताना पाकीट वेगळं दिलं.

पिनांग आईला फार मानवलं. स्वेटनहॅमच्या धक्क्यावर बोट लागते आणि समोरच जॉर्ज टाउन, लिटल इंडियापर्यंत व्हीलचेअरनं सहज गेलो. मोगऱ्याचा गजरा घेऊन परत. फुकेतला मात्र आमची बोट किनाऱ्याला लागली नाही, समुद्रात थांबली आणि छोट्या होडीनं नेत होते. होडी वरखाली होत होती, मधल्या फटीवरून पाऊल टाकता येत नसेल तर सोडत नाहीत. पायाचा त्रास असणाऱ्यांनी बुकिंग करताना विचारून घ्या, धक्का आहे की होडी. बायको गेली, मी आईबरोबर थांबलो. सगळी बोट रिकामी. आईनं पिशवीतला कापूस काढला आणि खिडकीशी बसून वाती वळायला घेतल्या. टेबल पुसणारी फिलिपिनो पोरगी थोडा वेळ बघत राहिली, मग खाली बसली. तिची पहिली वात दोरखंडासारखी झाली. आईनं ती उलगडून परत तिच्या हातात दिली. अर्ध्या तासात सात-आठ बऱ्या जमल्या, त्या तिनं एप्रनच्या खिशात घातल्या. कशाला लावणार कोण जाणे, बोटीवर काडी पेटवायची बंदी.

कागदपत्रांत एक सोपी चूक होते. सिंगापूरहून निघालेली बोट परत सिंगापूरलाच येते, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना बघा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, विमानानं उतरण्याआधी एकदा आणि बोट परत लागण्याआधी पुन्हा एकदा भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. आणि फोन. बोट धक्का सोडते तसा एअरप्लेन मोडवर टाका. माझा राहिला. बोटीचं स्वतःचं नेटवर्क असतं, आपल्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. फोनला ते सापडलं, व्हॉट्सअपवर चार फोटो आले, आणि सहा हजारांचं बिल. कंपनीशी महिनाभर भांडून एक पैसा कमी झाला नाही. फोटो भाच्यानं पाठवलेल्या सुप्रभातचे होते.

पुढची फेरी ऑक्टोबरअखेर, मुरगावहून चढायची, मधला मजला, खिडकीची खोली. पलंग दोनच, तिसऱ्यासाठी सोफा, कोण झोपणार ते ठरलंय. आईनं या वेळी दशम्यांचं नाव काढलेलं नाही. दुकानातून सील करूनच कुंद्याचे दोन डबे आणायला सांगितलेत, एक आपल्याला आणि एक डिचोलीच्या पोराला. तो या बोटीवर नाही, सिंगापूरकडं आहे, असं दोनदा सांगून झालं. "असू दे," म्हणते, "कुठलं तरी असंलच की त्याच्या गावचं."