सेमिनारसाठी थोरियमची साखळी घ्यावी की प्लुटोनियमची?

एमएस्सी फिजिक्सला न्यूक्लियर घेतलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या मुलामुलींपुढे सेमिनारच्या वेळी हे दोन विषय हमखास येतात: थोरियम-२३२ पासून युरेनियम-२३३, नाहीतर युरेनियम-२३८ पासून प्लुटोनियम-२३९. माझा कौल थोरियमला आहे, पण सगळ्यांसाठी नाही.

कागदावर दोन्ही साखळ्या जुळ्या बहिणी वाटतात. जड अणुकेंद्रक एक न्यूट्रॉन गिळतं आणि दोन बीटा क्षयांनंतर (दर वेळी केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून मूलद्रव्य बदलतं) विखंडनक्षम, म्हणजे न्यूट्रॉनने फुटून ऊर्जा देणारं, समस्थानिक हाती येतं. पहिला क्षयही सारखाच झटपट होतो: थोरियम-२३३ चं अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं क्षय पावायला लागणारा वेळ) सुमारे २२ मिनिटं, युरेनियम-२३९ चं साडेतेवीस. खरा फरक पुढच्या पायरीवर पडतो. प्लुटोनियमच्या साखळीतल्या नेप्च्युनियम-२३९ चं अर्धायुष्य २.३६ दिवस, तर थोरियमच्या साखळीतल्या प्रोटॅक्टिनियम-२३३ चं तब्बल २७ दिवस.

या २७ दिवसांत प्रोटॅक्टिनियम अणुभट्टीतच बसलेलं असतं आणि न्यूट्रॉन त्याच्यावर आदळतच असतात. त्याने आणखी एक न्यूट्रॉन गिळला, तर पुढे युरेनियम-२३४ बनतं, म्हणजे न्यूट्रॉनही गेला आणि होऊ घातलेलं इंधनही गेलं. किती जातं, ते स्वतः काढून बघा. क्षयाचा दर सेकंदाला सुमारे ३ × १०⁻⁷. औष्णिक (मंदावलेल्या) न्यूट्रॉनांसाठी काटछेद, म्हणजे न्यूट्रॉन गिळण्याच्या शक्यतेचं माप, ४० बार्न (एक बार्न = १०⁻²⁴ चौ. सेंमी) आणि फ्लक्स, म्हणजे दर चौ. सेंमीतून सेकंदाला जाणारे न्यूट्रॉन, १०¹⁴ धरला, तर न्यूट्रॉन गिळण्याचा दर ४ × १०⁻⁹ येतो. म्हणजे शंभरातली साधारण एक-सव्वा केंद्रकं वाया जातात. फ्लक्स दसपट करा, तोटाही जवळपास दसपट होतो. क्षय आणि अभिक्रिया यांची अशी शर्यत एका ओळीच्या गणितात दिसते, म्हणून मला हा विषय फार आवडतो. इंधन बाहेर काढल्यावरही प्रोटॅक्टिनियम हजारांत एक उरेपर्यंत दहा अर्धायुष्यं, म्हणजे नऊ महिने थांबावं लागतं.

थोरियमची दुसरी डोकेदुखी युरेनियम-२३२. वेगवान न्यूट्रॉनने केंद्रकातून दोन न्यूट्रॉन उडवले की ते वळणावळणाने तयार होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ६९ वर्षं, पण त्रास त्याच्या वंशजांचा. शेवटाकडे थॅलियम-२०८ येतं आणि २.६१ एमईव्ही ऊर्जेचा भेदक गॅमा किरण सोडतं. त्यामुळे युरेनियम-२३३ चं इंधन जाड शिशाआडून, दुरूनच हाताळावं लागतं. हाच गॅमा नैसर्गिक थोरियमच्या साखळीतही येतो. कॉलेजात सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर असेल, तर पेट्रोमॅक्सच्या जुन्या थोरियमवाल्या जाळीवर तो पीक प्रत्यक्ष दाखवता येतो. जाळी कुस्करू नका, पिशवीत बंद ठेवूनच मोजा.

प्लुटोनियमवर असा प्रयोग शक्य नाही. वाशीतला मसाल्यांवर विकिरण करणारा ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचा प्रकल्पही इथे उपयोगाचा नाही, तिथला स्रोत कोबाल्ट-६०. तो थोरियम-प्लुटोनियमच्या कुळातला, म्हणजे अ‍ॅक्टिनाइड नव्हे.

पण ज्यांचा जीव क्षयापेक्षा विखंडनात जास्त रमतो, त्यांच्यासाठी प्लुटोनियमच सरस. औष्णिक भट्टीत शोषलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे युरेनियम-२३३ सुमारे २.३ न्यूट्रॉन परत देतं, प्लुटोनियम-२३९ सुमारे २.१. वेगवान न्यूट्रॉनांच्या भट्टीत मात्र प्लुटोनियम पुढे जातं. भारतीय उदाहरणंही चांगली मिळतात: ट्रॉम्बेची पूर्णिमा-१ भट्टी (१९७२), कल्पाक्कमची एफबीटीआर ही वेगवान न्यूट्रॉनांची चाचणी-भट्टी (१९८५). थोरियमच्या बाजूला कल्पाक्कमचीच कामिनी आहे, १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालणारी, अवघ्या ३० किलोवॅटची.

प्लुटोनियमचे धाकटे भाऊही भाषणात रंग भरतात. प्लुटोनियम-२४० आपोआप फुटतं, एका ग्रॅममधून सेकंदाला हजाराच्या आसपास न्यूट्रॉन बाहेर पडतात. प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य १४ वर्षं, त्याचं अमेरिसियम-२४१ होतं आणि ठेवून दिलेल्या प्लुटोनियममध्ये ५९.५ केईव्हीचा गॅमा वर्षागणिक वाढत जातो.

तयारीला जेमतेम तीन आठवडे असतील, तर प्लुटोनियमच घ्या, कारण थोरियमची बेटमन समीकरणं (साखळीतल्या प्रत्येक पायरीवर कोणत्या वेळी किती केंद्रकं असतील ते सांगणारी) सोडवण्यातच एक आठवडा जातो. सबंध सत्र हाताशी असेल, तर थोरियम घ्या आणि सुरुवात प्रोटॅक्टिनियमच्या त्या गणितापासून करा.