तिसऱ्या दिवशी बंद केलेलं इंजेक्शन (5 पैकी 4 स्टार)

लालबागला आमचं मेडिकल आहे. 19 वर्षं काउंटरवर बसतेय. शेड्यूल एच1 ची (ज्यांच्या विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांची) वही 2014 पासून माझ्याच हातची: पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध, किती दिलं. त्यामुळे हॉस्पिटलचा हा रिव्ह्यू खोल्या आणि जेवणाबद्दल नाही, अँटिबायोटिकबद्दल आहे.

बाबा 78 वर्षांचे. गणपती उठले आणि त्यांना थंडी वाजून ताप भरला. जवळच्या एका नर्सिंग होमने लघवीचं कल्चर (जंतू कुठला आणि तो कुठल्या औषधाने मरतो ही तपासणी) न करताच लिनेझोलिड हे अँटिबायोटिक सुरू केलं. चार दिवस गेले, ताप हटेना, बाबा असंबद्ध बोलायला लागले. रात्री मध्य मुंबईतल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा वरचं बीपी 84.

कॅज्युअल्टीत सिस्टरने आधी दोन्ही हातांतून रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्या भरल्या, लघवीचा नमुना घेतला आणि लगेच मेरोपेनेम हे खूप जंतूंवर चालणारं भारी अँटिबायोटिक लावलं. बीपी पडलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं हे खरं, पण अँटिबायोटिक आधी गेलं तर कल्चरमध्ये जंतू उगवेल याची खात्री राहत नाही, आणि मग पुढचं सगळं अंदाजपंचे. इथे दोन्ही सांभाळलं. शिवाय मेरोपेनेमसाठी वेगळा फॉर्म होता: कशासाठी देताय, कुठले नमुने पाठवले, पुन्हा कधी बघणार. डॉक्टरांनी तो माझ्यासमोर भरला.

दुसऱ्या दिवशीही ताप 102. दादा डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, पैशाचं बघू नका. कोलिस्टिन म्हणून शेवटचं औषध असतं ना, तेच द्या." डॉक्टर स्टूल ओढून बसले. "बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, 2.1 वर चढलंय आणि कोलिस्टिन किडनीवरच जातं. मेरोपेनेमला दाद न देणारा जंतू निघाला, तर ते काढू. आज नाही. उद्या रिपोर्ट येतोय."

रिपोर्ट आला: ई. कोलाय हा जंतू, सेफ्ट्रिॲक्सोन या मेरोपेनेमपेक्षा साध्या अँटिबायोटिकने मरणारा. लिनेझोलिड या जंतूवर चालतच नाही! जागतिक आरोग्य संघटनेने ते कोलिस्टिनसारखंच राखीव (बाकी औषधं हरली तरच वापरायच्या) गटात ठेवलंय, आणि बाबांना ते चार दिवस फुकट दिलं गेलं. हा राग माझा अजून गेलेला नाही.

त्याच दुपारी मेरोपेनेम बंद, सेफ्ट्रिॲक्सोन सुरू. दादा चिडला, "बरं वाटायला लागलंय आणि हलकं औषध?" मला सगळं कळत होतं, तरी त्या रात्री माझा डोळा लागला नाही. दर तासाला बाबांच्या कपाळाला हात लावून बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला आणि साखर कमी म्हणून सिस्टरकडे तक्रार केली. क्रिएटिनिन 1.3 वर आलं होतं. नवव्या दिवशी घरी.

एक स्टार कापला तो डिस्चार्जसाठी. बिलाला सहा तास लागले ते सोडून देईन, पण कल्चरचा रिपोर्ट फाइलमध्ये नव्हता. तीन खिडक्या फिरून मागून घ्यावा लागला. बाबांना पुन्हा ताप आला तर दुसरा डॉक्टर आधी तोच कागद मागणार. तुम्ही गेलात तर बिल भरायच्या आधीच वॉर्डातून त्याची प्रत घ्या.