रोलर नट म्हणून गळ्यात मारलेला पत्रा

गिटारच्या जाहिरातीत 'रोलर नट' (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती फिरत्या दाण्यांची पट्टी) लिहिलेलं असतं, फोटोत तारांखाली चकचकीत गोल दाणे दिसतात आणि गिटारची किंमत त्या दोन शब्दांवर चढते. घरी आणल्यावर ट्रेमोलो बार (तारा सैल-ताण करून सूर हलवणारा दांडा) खाली दाबून सोडला की ट्युनिंग जातं. घेणारा आधी ट्रेमोलोवर संशय घेतो. स्प्रिंगा बदलतो, तारा बदलतो, आणि तोवर गिटार परत करायची मुदत निघून गेलेली असते. नट तपासायचं सुचतं ते सगळ्यात शेवटी. मग कळतं की ते दाणे फिरतच नाहीत. ओतीव पट्टीवर उठवलेले नुसते उंचवटे आहेत, वरून क्रोमचा मुलामा.

खऱ्या नटात तार खाचेत रुतत नाही, फिरणाऱ्या भागावर टेकते. फेंडरच्या १९८७ साली आलेल्या स्ट्रॅट प्लस गिटारवर आधी विल्किन्सनचा रोलर नट होता, पुढे १९९०च्या दशकात त्या जागी एलएसआर नावाचा रोलर नट आला. एलएसआर ओळखायला सोपा: प्रत्येक तारेखाली दोन पोलादी छर्रे आणि पट्टी बसवायला दोन स्क्रू. तीन चौकोनी ठोकळे आणि त्यावर ॲलन की लागणारे तीन स्क्रू दिसले तर तो तारा आवळून धरणारा लॉकिंग नट. वस्तू चांगली, पण रोलर नव्हे. हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असलेल्या गिटारच्या डोक्यावरच्या) तार दाबणाऱ्या रोलर गाइडलाही काही विक्रेते बेधडक 'रोलर नट' म्हणतात.

तपासणी तार ताणलेली असताना करू नका, कारण ताणाखाली खरा छर्राही बोटाने हलत नाही. तार सैल करा, बाजूला सरकवा आणि टूथपिकच्या टोकाने दाणा ढकला. फिरला पाहिजे. एकच फिरवून समाधान मानू नका; जुन्या नटात घाम आणि गंजाने दोन-तीन छर्रे हमखास अडकलेले असतात. लोहचुंबकावर विसंबणं धोक्याचं, कारण काही प्रकारचं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही. विक्रेता लांब असेल तर फोटो नको, हीच कृती दाखवणारा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली की व्यवहार तिथेच सोडा.

दुसरी चाचणी सूर मोजणाऱ्या ट्युनरवर. तार सुरात लावा, बार पूर्ण खाली दाबून सोडा. सूर चढा आला तर तार बहुधा नटात अडकते आहे: बार दाबल्यावर सैल झालेली तार खुंटीकडे ओढली जाते आणि सोडल्यावर घर्षणामुळे परत येत नाही. तीच तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जोरात बेंड करून, म्हणजे बाजूला खेचून, सोडा. सूर खाली उतरून जागेवर आला तर शंका पक्की. खुंटी पिळताना 'टिंग' असा आवाज येणं हीसुद्धा त्याच अडकण्याची खूण. मात्र खुंटीवर तारेचे सैल वेढे असतील किंवा स्ट्रिंग ट्रीत (हेडस्टॉकवर तार खाली दाबून धरणाऱ्या आकड्यात) तार घासत असेल तर खरा नट असूनही हेच होतं, म्हणून नटाला दोष देण्याआधी ते बघा.

फक्त मोकळी तार खरखरते आणि पहिला फ्रेट दाबला की आवाज बंद होतो, असं असेल तर रोलर सैल आहे किंवा नट खाली बसला आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा; तार फ्रेटला टेकलेली असेल तर नटाखाली पातळ शिम (उंची वाढवणारी चकती) घालावी लागेल.

सगळ्यात महागात पडतं ते लाकूड. साध्या नटाची खोबण साधारण ३ मिमीची. रोलर नटासाठी ती रुंद कोरावी लागते, आणि नकली पट्टी बसवतानाही कोणीतरी ती कोरलेली असते. पट्टी फेकून साधा नट लावू म्हटलं तर आधी लाकडाचा तुकडा चिकटवून जागा भरावी लागते, तीही फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या फळीच्या) कडेशी तंतोतंत, कारण नटाची कड मिलिमीटरभर जरी सरकली तरी पहिल्या काही फ्रेटवरचे सूर बिघडतात. म्हणून भाव ठरवण्याआधी पट्टीच्या दोन्ही टोकांना जवळून बघा: ताजा गोंद, भुसा, पॉलिशमध्ये तुटलेली कड.