रात्रीची की दिवसाची, बसून की आडवं होऊन: लांबच्या बसचं तिकीट काढण्याआधी

लांबच्या बसचं तिकीट काढताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: भाडं किती आणि तास किती. मीही तेच बघायचे. एकदा सकाळी सहाला पोचणारी रात्रीची गाडी घेतली. रस्ता मोकळा मिळाला, ड्रायव्हरने गाडी दामटली आणि पावणेपाचलाच मला शहराबाहेरच्या बायपासवर, उड्डाणपुलाखाली उतरवून गाडी पुढे निघून गेली. सव्वा तास लवकर पोचले म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार? उजाडेपर्यंत बॅगेवर बसून काढलेला तो वेळ अख्ख्या प्रवासापेक्षा लांब वाटला. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो: गाडी मला नेमकी कुठे आणि किती वाजता उतरवणार? भाडं, एसी, गादी हे सगळं त्यानंतर.

दिवस की रात्र

‘रात्रीच्या बसने गेलं की दिवस वाचतो’ असं आपण सहज म्हणतो. त्या वाचलेल्या दिवसात आपण धड जागे असतो का, हे मात्र कुणी मोजत नाही.

सहा तासांच्या रात्रीच्या प्रवासाचा हिशोब करून बघा. पहिला पाऊण-एक तास शहरभर माणसं गोळा करण्यात जातो. दर थांब्यावर दिवे लागतात, तिकीट तपासलं जातं, कुणाची तरी जागा बदलून हवी असते. मध्ये एक मोठा थांबा असतो, तिथे तुम्ही उतरा न उतरा, जाग येतेच. शेवटच्या अर्ध्या तासात उतरणाऱ्यांची नावं पुकारायला सुरुवात होते. सलग झोप उरते ती जेमतेम तीन तास. म्हणजे रात्रही गेली आणि दुसऱ्या दिवशीची दुपारही. सहा-सात तासांच्या अंतराला माझं मत सरळ दिवसाच्या गाडीला.

दहा तासांच्या पुढे पारडं फिरतं. दिवसभर एकाच सीटवर बसून कंबर मोडते, खिडकीबाहेरचं कौतुक चौथ्या तासाला संपतं आणि पोचल्यावर दिवसही हाती उरत नाही. इथे रात्रीची गाडी घ्यावी. मधल्या आठ-नऊ तासांसाठी दुसऱ्या दिवशी काय काम आहे ते बघा. लग्नाला जायचं असेल तर रात्रीची चालेल, तिथे पेंगणाऱ्याला कुणी हटकत नाही. परीक्षा, मुलाखत किंवा दवाखान्याची वेळ असेल तर आदल्या दिवशी उजेडात पोचा.

दिवसाच्या गाडीचा एक फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही: बिघाड झाला तर तो उजेडात होतो. टायर पंक्चर झाला, दोन तास खोळंबा झाला, तरी आसपास माणसं असतात, दुकानं उघडी असतात, दुसरी गाडी मिळू शकते. तोच खोळंबा रात्री अडीचला झाला की नुसतं घड्याळाकडे बघत बसायचं.

रात्रीच्या बाजूने मोकळा रस्ता आहे हे खरं. पण साधारण मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पाच-सहा ही वेळ शरीराच्या घड्याळात सगळ्यांत जास्त झोप येण्याची असते आणि ते घड्याळ ड्रायव्हरच्याही अंगात असतं. म्हणून माझा दुसरा प्रश्न: ड्रायव्हर किती? युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाने जास्तीत जास्त साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटांची विश्रांती मिळायला हवी, आणि दिवसाचं चालवणं ९ तासांच्या वर जाता कामा नये; आठवड्यातून दोनदा १० तासांची मुभा आहे. तुमच्याकडचा नियम काहीही असो, हा मापदंड तिकीट काढताना घरबसल्या लावता येतो. बारा तासांच्या गाडीवर एकच ड्रायव्हर असेल, तर त्या गाडीची गादी कितीही मऊ असली तरी मी ती घेत नाही.

सीट की स्लीपर

स्लीपर म्हणजे आराम आणि सीट म्हणजे शिक्षा, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण सगळ्या बर्थ सारख्या नसतात.

बसमध्ये सगळ्यांत कमी हादरे बसतात ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात. मागच्या चाकांच्या पलीकडे, शेवटच्या रांगेत, प्रत्येक खड्ड्याला माणूस उडतो. बसलेला असतो तेव्हा निदान पुढची सीट धरता येते, झोपलेल्याला तेही जमत नाही. वरची बर्थ वळणावर जास्त डोलते, कारण गाडी कलते तेव्हा उंचावरचा माणूस जास्त फेकला जातो. त्यामुळे शेवटची वरची बर्थ आणि मधली पुशबॅक सीट यांत निवडायचं असेल, तर मी बिनदिक्कत सीट घेईन. मधली खालची बर्थ मिळत असेल तर मात्र सीटचा विचारही करू नका.

उंच माणसांनी बर्थची लांबी बघूनच घ्यावी. बर्थमध्ये पाय दुमडून झोपणं सीटवर बसण्यापेक्षा वाईट, कारण सीटवर निदान कूस बदलायचा मोह होत नाही. आणि व्यवस्था परवानगी देत असेल तर पाय गाडीच्या पुढच्या दिशेला करून झोपावं. करकचून ब्रेक लागला की अंग पुढे सरकतं, तेव्हा आधी डोकं आपटण्यापेक्षा पाय टेकलेले बरे.

एकट्या बाईने स्लीपर घेताना सिंगल बर्थच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. जोडबर्थमध्ये शेजारी कोण येईल ते नशिबावर, आणि पडदा ओढला की ती जागा खोलीसारखी होते. सीटवर शेजारी अनोळखी माणूस असणं आणि बर्थवर असणं यात फार अंतर आहे. सिंगल मिळत नसेल तर मी सीट घेते; भोवती चार लोक जागे असणं त्या रात्री गादीपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि आगीचा प्रश्न. २०११ च्या जुलैमध्ये चीनच्या हनान प्रांतात शिनयांगजवळ एका स्लीपर बसला आग लागून ४१ माणसं गेली. गाडीत ठरल्यापेक्षा जास्त प्रवासी होते आणि ज्वालाग्राही रसायनं भरलेली होती. पुढच्या वर्षी तिथे नव्या स्लीपर बस बनवणं आणि विकणं थांबवण्यात आलं. दोष रसायनांचा होता, बर्थचा नव्हे, असं कुणी म्हणेल. पण अरुंद वाटेत, वरून उतरून, अंधारात, झोपेतून उठून बाहेर पडायला सीटवरून उठण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे कुणीही वरच्या बर्थवरून घाईत उतरून अनुभवू शकतं. म्हणून गाडीत चढलं की मी आधी आपत्कालीन दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघते आणि मगच चप्पल काढते. डिकीत कुणाचे पिंपासारखे डबे चढताना दिसले तर विचारायला लाजू नये.

सीटच्या बाजूने आणखी एक गोष्ट: पट्टा लावता येतो. विरोधात जाते ती मान, आणि पाय. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासात चार तास किंवा त्याहून लांब प्रवासानंतर पायातल्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं, मग वाहन विमान असो वा बस. दुप्पट झाला तरी तो धोका सहा हजारांत एखाद्याला, त्यामुळे घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण दर थांब्याला खाली उतरायचं, मध्ये घोटे फिरवायचे आणि लघवीच्या भीतीने पाणी तोडायचं नाही. आधी गुठळीचा त्रास झालेल्यांनी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच लांबची बस धरावी.

सीट आणि बर्थ यांच्या मधलाही एक पर्याय असतो, आणि तो मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. अर्जेंटिनात लांबच्या गाड्यांमध्ये ‘सेमी-कामा’ आणि ‘कामा’ असे वर्ग असतात. कामा म्हणजे पलंग. सेमी-कामात एका रांगेत चार सीटा, कामात तीनच, रुंद आणि बऱ्याच मागे झुकणाऱ्या. पाठ जवळपास आडवी होते, पिंढऱ्यांना आधार मिळतो आणि तरी माणूस आपल्या सीटवरच असतो. तुमच्या मार्गावर अशी एका रांगेत तीन सीटांची गाडी असेल, तर आठ ते दहा तासांसाठी स्लीपरच्या आधी तिचा विचार करा.

गाडी लागत असेल तर

इथे बरेच जण चुकीचं निवडतात. गाडी लागते ती डोळे आणि कान यांचं जमत नाही म्हणून: डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कानाच्या आतल्या यंत्रणेला हालचाल जाणवते. त्यामुळे दिवसाच्या गाडीत पुढची, समोरचा रस्ता दिसणारी सीट सगळ्यांत बरी. मोबाइलवर वाचणं सगळ्यांत वाईट. रात्री बाहेर काही दिसतच नाही, तेव्हा खालच्या बर्थवर उताणं पडून डोळे मिटावेत. आडवं झाल्यावर त्रास कमी होतो. गोळी घेणार असाल तर निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेकदा पिशवीतच जाते, हे मी शेजारणीच्या कृपेने एकदा जवळून पाहिलं आहे.

तिकीट पक्कं करण्याआधी उतरण्याची जागा नकाशावर शोधून बघा. ‘शहराचं नाव’ आणि ‘शहराचा बायपास’ यात कधी कधी पंधरा किलोमीटरचं अंतर असतं. पोचण्याची वेळ पहाटे चार ते साडेपाचच्या मधे येत असेल, तर एक-दोन तास उशिरा सुटणारी गाडी शोधा. नाहीच मिळाली, तर उतरल्यावर बसायला दिवा असलेली, माणसं असलेली जागा कोणती, ते निघण्याआधी ठरवून ठेवा आणि गजर ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधीचा लावा. गाड्या उशिरा येतात हे सगळ्यांना माहीत असतं. लवकर पोचतात, ते फक्त उड्डाणपुलाखाली बसलेल्यांना.