‘संवादातून अध्यापन’ कार्यशाळा, सातारा : महिनाभर वर्गात वापरून पाहिल्यावर

सातारा शहरातील एका संस्थेने प्राथमिक शिक्षकांसाठी घेतलेल्या ‘संवादातून अध्यापन’ या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी दिवाळीच्या सुट्टीत ६०० रुपये शुल्क भरून गेले होते. जावळी तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत तिसरी ते पाचवीचे वर्ग मी एकत्र सांभाळते, त्यामुळे हे आपल्या वर्गात चालेल का, एवढा एकच प्रश्न माझ्या मनात होता.

पहिल्या सत्रात आमच्यापैकीच दोन शिक्षकांच्या पाठांचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले. शिक्षकाने विचारायचे, एका मुलाने दोन शब्दांत उत्तर द्यायचे आणि शिक्षकाने ‘शाब्बास’ म्हणून पुढे सरकायचे, या रोजच्या प्रश्नोत्तरांत मुलांच्या वाट्याला बोलणे किती कमी येते, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर पटवून सांगण्याची गरजच उरली नाही. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासाची माहितीही याच सत्रात मिळाली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण १ सेकंदच थांबतात आणि ही वाट ३ सेकंदांपर्यंत नेली की मुलांची उत्तरे लांबतात, असे त्यांना आढळले होते. मार्गदर्शक बाईंनी घड्याळ लावून आम्हाला तेवढा वेळ गप्प बसवले, तेव्हा ते ३ सेकंद फारच लांब वाटले. शुल्क वसूल झाले ते इथेच, असे मी मनापासून म्हणेन.

शाळा सुरू झाल्यावर पाचवीच्या मुलांना मी विचारले, “पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?” “ऊन नसतंय म्हणून,” असे उत्तर आले. एरवी मी लगेच ‘बरोबर, आणखी?’ म्हटले असते. या वेळी थांबले. मागच्या बाकावरची, सहसा न बोलणारी मुलगी म्हणाली, “पण बाई, उन्हाळ्यात रातीला टाकलेली कापडं सकाळपत्तुर वाळत्यात की.” मग वाऱ्याचा विषय निघाला, मेढ्याच्या धुक्याचा निघाला, आणि शेवटी एकाने सांगितले की पावसाळ्यात हवेतच पाणी भरलेले असते, ती कपड्यांतले आणखी पाणी कुठून घेणार! ‘आर्द्रता’ हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. तास १० मिनिटे लांबला आणि त्या वेळात तिसरीची मुले नुसती बसून राहिली, हेही सांगितले पाहिजे.

कार्यशाळेची उणीव नेमकी इथेच आहे. नमुना पाठ १२ निवडक मुलांसमोर झाला. एका इयत्तेशी बोलणे रंगले असताना दुसऱ्या इयत्तेने काय करायचे, हे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘नियोजन करावे लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. दुसरी अडचण भाषेची. मुलांना देण्यासाठी मिळालेल्या पट्ट्यांवर ‘मी तुझ्या मताशी असहमत आहे, कारण...’ अशी वाक्ये छापली होती. आमची मुले ‘न्हाय, मला तसं वाटत न्हाय’ म्हणतात, आणि त्यापुढे कारणही उत्तम देतात. पट्टी हातात दिली की तीच मुले गप्प होतात. मी पट्ट्या दुसऱ्याच दिवशी कपाटात ठेवल्या.

सर्वांत जास्त खंत वाटली ती उदाहरणांची. त्यातली बहुतेक इंग्लंडमधील होती. ती चुकीची नव्हती, परंतु मुलांना स्वतः बोलू देत, करू देत शिकवणारे कुमठे बीट (एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) याच जिल्ह्यात आहे आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले आहेत. ज्यांच्या घराण्याचे मूळ खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती धोंडीबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून. आणि त्यातला धोंडीबा निमूटपणे ऐकून घेत नाही, पुन्हा पुन्हा शंका काढतो. साताऱ्यात बसून हा धागा दोन दिवसांत एकदाही निघाला नाही.

चहा, जेवण, बसण्याची सोय सर्व ठीक होते.

एका इयत्तेचा स्वतंत्र वर्ग असलेल्या शिक्षकांनी ही कार्यशाळा अवश्य करावी. आमच्यासारख्यांनी पहिल्या दिवसासाठी जावे. पुढच्या तुकडीचा नमुना पाठ एखाद्या द्विशिक्षकी शाळेत, सगळ्या मुलांसह घ्यावा, असे मी अभिप्राय-पत्रकात लिहून दिले आहे; त्यासाठी आमची शाळा द्यायची माझी तयारी आहे.